दादाची २०१२ ची केस कोर्टात शोधायची आहे, ऑनलाइन नावच सापडंना

जांबोटीची_ताई

नमस्कार सगळ्यांना. लांबलचक होणार आहे पण पूर्ण वाचून मगच सांगा प्लीज.

माझा मोठा भाऊ गोव्यात वेर्ण्याला कंपनीत आहे, १२ वर्षं होऊन गेली. आमचं गाव खानापूर तालुक्यात. २०१२ च्या गणपती विसर्जनाला गावातल्या दोन मंडळांत पुढं कोण जाणार यावरनं मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि पोलिसांनी आमच्या बाजूच्या १९ पोरांची नावं घातली. त्यात दादा पण. खरं तर तो ट्रॅक्टर चालवत होता, खाली उतरलाच नव्हता, पण ते असो. जामीन झाला, दोन-तीन तारखांना गेला, मग गोव्याची नोकरी लागली आणि गेला तो गेलाच. २०१६ ला गावातनं फोन आला की केस सुटली, सगळे निर्दोष, देवळात नारळ पण फोडला. आम्ही विषय तिथंच सोडला.

आता कंपनी त्याला दुबईला पाठवायचं म्हणतेय. पासपोर्टचा अर्ज घरच्या पत्त्यावर केला, पोलीस घरी येऊन चहा पिऊन गेले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं केस पेंडिंग. बेंगळूरच्या पासपोर्ट ऑफिसचं पत्र आलंय, खुलासा द्या म्हणून. मी ई-कोर्ट्सच्या साइटवर दादाचं पूर्ण नाव टाकलं, २०१२ साल टाकलं, चार वेळा कॅप्चा चुकला, पाचव्यांदा उत्तर आलं रेकॉर्ड नॉट फाउंड. आमचे तेव्हाचे वकील वारले, त्यांच्या घरी फाइल नाही. एफआयआरची झेरॉक्स नाही, कलमं कुणाला आठवत नाहीत. एका ऑफिसात गेले तर म्हणाले केस नंबर कोर्टातनं आणा, दुसऱ्या ऑफिसात म्हणाले आधी क्राइम नंबर पोलीस ठाण्यातनं आणा. वर नाळे बर्री, म्हणजे उद्या या. दोन दिवस हेच चाललंय.

आता मी नेमकं कुठनं सुरू करू? आणि सगळे सुटले असतील तर पेंडिंग कसं काय? दादा म्हणतोय राहू दे, दुबई नको.

---

शहापूरचा_माग

ताई आधी साइटचं सांगतो, कारण यात मी स्वतः आठवडा घालवलाय, भावजीच्या केससाठी.

पहिलं म्हणजे पूर्ण नाव टाकू नका. तीन-चार अक्षरं टाका आणि लिस्टमध्ये डोळ्यानं शोधा. आपली नावं तिथं कन्नड वळणानं टाइप झालेली असतात. मारुती असेल तर टी च्या पुढं एच, ज्योतीला पण तसाच एच, परशरामचा कधी परशुराम होतो कधी पारशराम, यल्लाप्पाचा य वाय-ए नं की वाय-ई नं हे टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर. आडनाव तर विसराच. बऱ्याच वेळा नाव, मग बापाचं नाव, आणि आडनावाच्या जागी काहीच नाही किंवा सगळ्यांना सरसकट पाटील. भावजींचं आडनाव देसाई, कागदावर गावाचं नाव लागलेलं.

दुसरं, २०१२ टाकू नका. तिथं केस कोर्टात रजिस्टर झाल्याचं वर्ष लागतं, भांडणाचं नाही. गणपती सप्टेंबरात, चार्जशीट पुढच्या वर्षी गेलं असणार. २०१३, २०१४ टाकून बघा. आणि खाली पेंडिंग, डिस्पोज्ड, बोथ असं येतं त्यात बोथ करा, नाहीतर निम्म्या केसेस दिसतच नाहीत.

तिसरं, जिल्हा बेळगावी निवडल्यावर पुढं कोर्ट कॉम्प्लेक्स विचारतं. बरेच लोक तिथं बेळगाव शहराचं कॉम्प्लेक्स ठेवतात आणि मग सापडंना म्हणतात. खानापूरची केस खानापूरच्या कॉम्प्लेक्समध्ये. आणि १९ आरोपी असले की लिस्टमध्ये वर फक्त पहिल्या आरोपीचं नाव दिसतं, बाकीचे केस उघडल्यावर आत. त्यामुळं दादाच्या नावापेक्षा एफआयआरला पहिलं नाव कुणाचं होतं ते गावात विचारा, त्या नावानं शोधा. तो माणूस विसरलेला नसणार.

एफआयआर नंबरनं पण शोधता येतं, ठाणं निवडायचं आणि नंबर-वर्ष टाकायचं. पण तुमच्याकडं तोच नाही.

---

जांबोटीची_ताई

थांबा थांबा, सापडलं काहीतरी! पहिलं नाव आमच्या वाड्यातल्या अण्णांचं होतं, ते म्हणाले मीच ए-वन, असं सांगताना जरा अभिमानच वाटला त्यांना. त्यांच्या नावाची चार अक्षरं, २०१३ साल, बोथ केलं, आणि आली. डिस्पोज्ड, २०१६, अक्विटेड म्हणजे निर्दोष. आत सगळ्यांची नावं आहेत. पण मोजली तर १८ च. दादाचं नाव नाही. म्हणजे दादाचं नाव पोलिसांनी काढून टाकलं असेल का? मग तर चांगलंच की?

---

काळा_कोट

ताई, नाव काढलेलं नाही. मी कागद बघितलेला नाही त्यामुळं शंभर टक्के म्हणत नाही, पण २० वर्षं मॅजिस्ट्रेट कोर्टात उभा राहून सांगतो, ही स्प्लिट-अप झालेली दिसतेय.

नीट समजून घ्या. एकाच भांडणाला नंबर बदलत जातो. ठाण्यात गुन्हा नोंदला की क्राइम नंबर, तो दर वर्षी १ पासून सुरू होतो, म्हणून वर्षाशिवाय त्याला अर्थ नाही. चार्जशीट कोर्टात येऊन मॅजिस्ट्रेटनी दखल घेतली की सी.सी. नंबर, म्हणजे कोर्टातला केस नंबर. ३०७ (खुनाचा प्रयत्न) सारखं कलम असलं तर केस सेशन्स कोर्टाला कमिट होते आणि तिथं एस.सी. म्हणजे सेशन्स केस नंबर पडतो, ती मग खानापूरच्या मॅजिस्ट्रेटकडं राहत नाही, वर जाते. तुमची १४३, १४७, ३२४ (बेकायदा जमाव, दंगा, हत्यारानं दुखापत) अशी काहीतरी असणार म्हणून तालुक्यातच राहिली.

आता १९ पैकी १८ जण तारखेला येतात आणि एक गोव्यात. समन्स काढलं, वॉरंट काढलं, पोलीस लिहून देतात पत्त्यावर मिळून येत नाही. एकासाठी १८ जणांना किती वर्षं हेलपाटे घालायला लावणार? म्हणून कोर्ट त्या एकाची केस तोडून वेगळी काढतं आणि तिला नवा सी.सी. नंबर देतं, वर्ष पण नवं. मूळ केस चालते, साक्षीदार फितूर होतात (गावातल्या भांडणात दोन वर्षांत सगळे परत एका पंगतीला बसलेले असतात, कोण कुणाविरुद्ध बोलणार), १८ जण सुटतात. एकोणिसाव्याची केस आहे तिथंच. फार वर्षं माणूस मिळाला नाही तर एल.पी.सी. म्हणजे लाँग पेंडिंग केसच्या रजिस्टरला जाते आणि वॉरंट उभंच राहतं. गावात नारळ फोडला तो १८ जणांचा.

दादाच्या नावानं वेगळी केस शोधा, २०१४ ते २०१६ मध्ये. एक गोष्ट विचारतो, जामीनदार कोण होता? आरोपी गायब झाला की कोर्ट बाँड जप्त करतं आणि जामीनदाराला नोटीस काढतं. त्याला काहीतरी कागद आलेला असणारच.

---

बिनधास्त_बेळगावकर

काय ताई तुम्ही पण, विषाची परीक्षा कशाला बघूलालाय? १२ वर्षं कुणी विचारलं नाही, आता तुम्हीच जाऊन सांगणार आमचा भाऊ इथं हाय म्हणून. पासपोर्टचा अर्ज मागं घ्या, गोव्याच्या पत्त्यावर नवीन टाका, तिथल्या पोलिसांना खानापूरचं काय कळतंय गा. माझ्या मित्रानं केलंय.

---

काळा_कोट

@बिनधास्त, असले सल्ले देऊन लोकांना खड्ड्यात घालू नका. पासपोर्टच्या अर्जात केस पेंडिंग आहे का हा प्रश्नच असतो, तिथं खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा, आता तर पत्र हातात आहे म्हणजे माहीत नव्हतं हेही म्हणता येणार नाही. आणि पोलिसांचं रेकॉर्ड आता कॉम्प्युटरवर जोडलेलं आहे, तो काळ गेला. सरकारी नोकरीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हाच मुद्दा घेतला होता, केस किती किरकोळ हे बघता येईल पण लपवलं का हे पण बघितलं जाईल. केसपेक्षा लपवण्यानं नोकऱ्या गेलेली पोरं मी बघितलीत.

वॉरंट उभं असताना दादा घरच्या गणपतीला येतो आणि जातो, हे त्याचं नशीब. एखाद्या शनिवारी संध्याकाळी उचलला तर रविवार आत काढावा लागेल.

---

निपाणी_नाका

थोडं विषय सोडून, पण सीमेवरच्यांना उपयोगी म्हणून लिहितो.

आमच्याकडं हा घोळ दुप्पट. पोरगा निपाणीचा, भांडण कागलला. लोक बेळगाव जिल्ह्यात शोधत बसतात. गुन्हा जिथं घडला त्या ठाण्याचं कोर्ट, माणूस कुठला याला किंमत नाही. कागल, चंदगड असेल तर राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर. कर्नाटकातल्या केसचा सी.एन.आर. नंबर (ई-कोर्ट्सवर प्रत्येक केसला असतो तो वेगळा नंबर) १६ अक्षरांचा, सुरुवात के-ए, महाराष्ट्राचा एम-एच, तेवढ्यावरनं पण कळतं. हायकोर्ट पण वेगळं, आपलं प्रकरण धारवाडच्या खंडपीठाला, चंदगडवाल्यांचं ऑगस्ट २०२५ पासनं कोल्हापूरच्या सर्किट बेंचला.

आणि शब्दांनी फसू नका. आमच्या काकांना पोलिसांनी सांगितलं बी रिपोर्ट टाकलाय. कर्नाटकात बी रिपोर्ट म्हणजे तक्रारीत तथ्य नाही, सी रिपोर्ट म्हणजे आरोपी सापडला नाही. महाराष्ट्रात याला समरी म्हणतात आणि तिथं तपास लागला नाही ती ए समरी, मुद्दाम खोटी तक्रार ती बी, आणि सी वेगळीच. काकांच्या कोल्हापूरच्या पाव्हण्यानं बी ऐकून सांगितलं की तक्रारदारावर आता उलट केस करा, आणि दोन घरांत चांगलीच जुंपली. पोलिसांनी रिपोर्ट टाकला म्हणजे संपलं असं पण नाही, कोर्टानं तो मान्य केला का ते बघायचं.

---

काळ्या_दिनाचा_सायकलवाला

मी १ नोव्हेंबरच्या, सीमाप्रश्नाच्या काळ्या दिनाच्या फेऱ्यांत कॉलेजपासून आहे, त्यामुळं कोर्टाच्या पायऱ्या पाठ आहेत. आंदोलनातल्या पोरांसाठी एक सांगतो. पुढारी स्टेजवरनं सांगतात सरकारनं केसेस मागं घेतल्या. सरकारनं ठरवलं म्हणजे केस संपत नाही. सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज द्यायचा, जुन्या कायद्यातलं (सीआरपीसी) कलम ३२१, आणि कोर्टानं परवानगी दिली तरच. तुमच्या नंबरच्या केसमध्ये तसा आदेश झालाय का ते स्वतः बघा. पेपरातल्या बातमीचं कात्रण पासपोर्ट ऑफिसात चालत नाही, दाखवून बघितलंय.

दुसरं, ज्यांनी कटकट नको म्हणून गुन्हा कबूल करून ५०० रुपये दंड भरला आणि घरी आले, त्यांनी समजून घ्या की ती शिक्षा धरली जाते. सुटका नाही ती. फॉर्मवर कधी शिक्षा झाली का विचारलं की तिथं काय लिहायचं याचा विचार तेव्हा कुणी करत नाही.

आणि निकाल बहुतेक कन्नडमधेच मिळणार. मराठी शाळेत शिकलेल्यांनी वाचायला कुणाला तरी बरोबर न्या. मी एकदा अक्षरं ओळखून सही केली आणि नंतर कळलं की दुसऱ्याच तारखेला हजर राहायचं होतं.

---

माहिती_हक्क_वाला

क्राइम नंबरसाठी सोपा मार्ग, आरटीआय. बेळगाव जिल्हा एसपी ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. काय विचारायचं ते नेमकं लिहा. अमुक गाव, सप्टेंबर २०१२ गणपती विसर्जन, अमुक ठाण्यात नोंद झालेला गुन्हा, त्याचा नंबर, चार्जशीटची तारीख, कोर्टाचा सी.सी. नंबर. केसची सगळी माहिती द्या असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं. ३० दिवस धरून चाला.

कोर्टाकडं मात्र आरटीआय टाकू नका. २०२० ला गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय की कोर्टाचे कागद कोर्टाच्या नक्कल नियमांनीच मागायचे. एफआयआर पण वेबसाइटवर शोधत बसू नका, २४ तासांत टाकायचा आदेश सप्टेंबर २०१६ चा आहे, तुमचं प्रकरण त्याच्या चार वर्षं आधीचं.

---

जांबोटीची_ताई

आता ऐका. काळा कोट सरांनी जामीनदार विचारला म्हणून मी आईला विचारलं. आई म्हणाली मामा होता. मामाला फोन केला तर आधी म्हणाला आठवत नाही, मग म्हणाला रेंज नाही, मग संध्याकाळी स्वतःच घरी आला.

तर २०१५ मध्ये मामाला कोर्टाची नोटीस आली होती. त्यानं जाऊन ५ हजार रुपये भरले आणि घरी कुणालाच सांगितलं नाही, कारण तेव्हा दादाचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांना कळायला नको. त्याला वाटलं पैसे भरले म्हणजे केस मिटली. पावती त्यानं ट्रंकेत, सोसायटीच्या कर्जाच्या कागदांत ठेवलेली, दहा वर्षं! पावतीवर सी.सी. नंबर आहे, २०१५ चा, अण्णांच्या केसपेक्षा वेगळा.

तो नंबर टाकला आणि लगेच उघडलं. पेंडिंग. पुढं लिहिलंय एन.बी.डब्ल्यू., म्हणजे अजामीनपात्र वॉरंट. दादाचं नाव मी दहा वेळा वाचलं तेव्हा पटलं की हा आमचाच. आडनाव नाही, बाबांच्या नावातलं एक अक्षर गायब, आणि वय तेव्हाचं पण चार वर्षं जास्त. असं नाव मी कुठून टाइप करणार होते?

आई मामाला काही बोलली नाही, फक्त चहा दिला नाही.

आता दादाला आणायचं तर येताना पकडतील का? आणि १८ जण सुटलेत त्याचा दादाला काही उपयोग होतो का की परत पहिल्यापासनं?

---

काळा_कोट

मामा भला माणूस आहे, त्यानं भरला तो बाँडचा दंड, केसशी त्याचा संबंध नाही. असं निम्म्या तालुक्याला वाटतं.

आता क्रमानं करा. आधी जागेवरचा वकील धरा, वकालत (वकीलपत्र) द्या. दादानं परस्पर ठाण्यात जाऊ नये, वकिलाबरोबर कोर्ट सुरू व्हायच्या वेळेला कोर्टात यावं, सोमवारी किंवा मंगळवारी, शुक्रवारी दुपारी नको. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज वकील लिहितील, का गैरहजर राहिला ते खरं सांगायचं, कंपनीची हजेरी, पगाराच्या स्लिपा, जे असेल ते जोडायचं. किरकोळ कलमं आणि माणूस स्वतःहून आलाय म्हटलं की बहुतेक वेळा थोडा दंड आणि नवीन जामीन यावर भागतं. खात्री कुणीच देऊ शकत नाही.

दरम्यान तुम्ही १८ जणांच्या निकालाची सर्टिफाईड कॉपी काढा. केस संपली की फाइल रेकॉर्ड रूमला जाते, त्यामुळं अर्जात सी.सी. नंबर आणि निकालाची तारीख दोन्ही लिहा, नाहीतर शिरस्तेदार परत पाठवणार. अर्ज अण्णांच्या नावानं द्या, ते त्या केसमधले आरोपी, त्यांना सहज मिळते. तिऱ्हाईत माणसाला कारण लिहून परवानगी घ्यावी लागते. साक्षीदारांच्या जबान्यांची पण कॉपी मागा. उशीर करू नका, जुन्या फाइलींचे कागद मुदत संपली की नष्ट करतात.

तो निकाल हातात असला की दोन रस्ते. एक, खानापुरातच केस चालवायची, तेच साक्षीदार परत येऊन तेच बोलणार. दुसरा, धारवाड खंडपीठात जाऊन बाकीचे याच पुराव्यावर सुटलेत म्हणून केस रद्द करायचा अर्ज, जुन्या सीआरपीसीचं कलम ४८२, आता नव्या कायद्यात (बीएनएसएस) ५२८. आपोआप सुटका होत नाही, पण निकाल कशावर झालाय त्यावर बरंच अवलंबून. धारवाडला खर्च जास्त, तालुक्यात वेळ जास्त.

पासपोर्टला आत्ताच उत्तर द्या, मुदत टळू देऊ नका. केस आहे, अमुक नंबर, कोर्टात हजर होतोय, मुदत मिळावी. केस चालू असताना पण पासपोर्ट मिळू शकतो, २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे, त्याच कोर्टाकडनं परदेशी जायची परवानगी आणायची. कोर्टानं मुदत लिहिली नाही तर एक वर्षाचाच मिळतो, म्हणून अर्जातच मुदत मागा.

---

शहापूरचा_माग

सर, हे फुकटात सांगताय म्हणून विचारतो, भावजींच्या केसमध्ये पण असंच...

---

काळा_कोट

नवीन धागा काढा राव.

---

जांबोटीची_ताई

दादाला फोन केला. आधी गप्प झाला, मग म्हणाला ट्रॅक्टर कुणाचा होता ते तरी लिहिलंय का त्यात. अण्णांना घेऊन मी उद्या कॉपीचा अर्ज द्यायला जातेय, ते इस्त्रीचा शर्ट काढून बसलेत. दादा रविवारी रात्री अनमोड घाटानं येतोय. नवीन जामीनदार पाहिजे, तर मामा म्हणतोय मीच राहतो. आई अजून काही बोलली नाही.